तुपाला नाही, भरल्या बादलीला घाबरा

प्रश्न : मी ५४ वर्षांची, राजेंद्रनगर, इंदूर इथे राहते. पित्ताशयात खडे होते, वर्षभर पोट दुखायचं. नऊ दिवसांपूर्वी दुर्बिणीतून ऑपरेशन झालं, दुसऱ्या दिवशी घरी सोडलं. खडे डबीत घालून दिलेत, ते येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना दाखवून होतात. सासूबाई ८२ वर्षांच्या आहेत. त्यांना अंथरुणातून उठवणं, आंघोळ घालणं माझ्याकडे असतं. ‘चारच तर भोकं आहेत’ असं हे म्हणाले म्हणून चौथ्या दिवसापासून मी सगळं सुरू केलं. खाण्यात मात्र घर फार काटेकोर आहे. सासूबाई म्हणतात, तूप-तेल आता जन्माचं बंद. शेजारच्या वहिनी म्हणतात, पित्ताची पिशवीच नाही तर पचणार कसं? नऊ दिवस मऊ भात आणि बिनफोडणीचं वरण खातेय, तरी सकाळी चहा घेतला की संडासला धावावं लागतं. सुरुवातीला उजवा खांदा इतका दुखला की हार्टचंच काही वाटलं. आता तो थांबलाय. संध्याकाळी बेंबीपाशी ओढ लागते. फार दमायला होतं आणि दिवसा आडवं पडायची लाज वाटते. लॅबचा रिपोर्ट आणायचा राहिलाय. पुढच्या महिन्यात उज्जैनला भाचीचं लग्न आहे. जाऊ का? (नाव छापू नये.)

उत्तर :

ताई, तुमच्या घरात सगळ्यांना तुमची काळजी आहे, पण ती नको तिथे कडक आणि हवी तिथे ढिली झाली आहे. तूप जन्मभर सोडायचं कारण नाही. सासूबाईंना उचलून बसवणं मात्र आजपासून बंद करायचं, निदान महिनाभर. पत्र वाचून मला पहिली काळजी वाटली ती बेंबीपाशी लागणाऱ्या ओढीची. पोट बिघडलंय ते नंतर पाहू.

दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये पोटात कार्बन डायऑक्साइड वायू भरून ते फुगवतात आणि बहुधा चार छिद्रांतून काम करतात. त्यातली एकदोन साधारण एक सेंटिमीटरची, बाकीची त्याच्या निम्मी. पिशवी बहुतेक वेळा बेंबीच्या किंवा छातीखालच्या छिद्रातून बाहेर काढतात, खडे मोठे असले तर ते छिद्र थोडं वाढवावंही लागतं. वरून दिसतो तो कातडीचा टाका. त्याच्याखाली पोटाच्या भिंतीचा जाड पडदा शिवलेला असतो आणि त्याला ताकद यायला आठवडे लागतात. आत यकृताच्या पोटाखालून एक अवयव सोडवून काढलेला आहे, त्याची नळी आणि रक्तवाहिनी चिमटे लावून बंद केली आहे. पूर्वी उजव्या बरगडीखाली वीतभर छेद घेऊन हेच ऑपरेशन व्हायचं. बर्लिनमध्ये कार्ल लांगेनबुख यांनी १८८२ साली पित्ताशय पहिल्यांदा काढलं, तेव्हापासून शंभर वर्षं तीच रीत होती. भारतात दुर्बिणीतून ते पहिल्यांदा १९९० साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेम्टन उडवाडिया यांनी काढलं. मी शल्यचिकित्सेच्या वॉर्डात नोकरी केली ती या दोन्ही काळांत. वीतभर टाके असलेल्या बाईला घरी कुणी पाण्याचा तांब्याही उचलू देत नसे. आता जखम दिसत नाही, दुखणंही पुष्कळ कमी असतं, हा मोठाच लाभ आहे, पण त्यामुळे बाईची विश्रांती घरच्यांच्या नजरेतून निसटते. आत काढलं ते तेव्हाही तेच होतं आणि आताही तेच आहे.

म्हणून वजनाचा नियम कडक पाळा. चार-पाच किलोपेक्षा जड काही उचलायचं नाही, साधारण चार आठवडे. तुमच्या सर्जननी याहून जास्त सांगितलं असेल तर ते ऐका. भरलेली बादली पंधरा-वीस किलोंची होते. भरलेलं गॅस सिलिंडर जवळपास तीस किलोंचं. आणि अंथरुणाला खिळलेल्या माणसाला काखेत हात घालून वर ओढायचं म्हणजे या दोन्हींपेक्षा वाईट, कारण तो भार वाकलेल्या अवस्थेत, झटक्याने आणि नेमका पोटावर येतो. संध्याकाळची ओढ बहुधा त्याचीच आहे. आरशासमोर उभं राहून खोकून पाहा. बेंबीपाशी फुगवटा येत असेल आणि आडवं झाल्यावर तो आत जात असेल, तर टाके दाखवायला जायच्या दिवसाची वाट न बघता सर्जनना दाखवा. तिथून हर्निया होऊ शकतो आणि मग पुन्हा ऑपरेशन. टाक्याखाली हाताला टणक गाठीसारखं लागणं, भोवती निळं-पिवळं होणं हे मात्र नेहमीचं आहे, काही आठवड्यांत विरतं.

हा पुढचा भाग तुमच्या यजमानांना वाचायला द्या.

भाऊसाहेब, तुम्ही वाईट हेतूने म्हणाला नाहीत हे मला ठाऊक आहे. दुसऱ्या दिवशी घरी पाठवलं म्हणजे किरकोळच असणार, असं कुणालाही वाटतं. पण दवाखान्यातून सोडतात ते पेशंट बरा झाला म्हणून नव्हे, उरलेलं बरं होणं घरी होऊ शकतं म्हणून. ते होऊ द्यायचं काम आता तुमच्याकडे आहे. आईंची आंघोळ, त्यांना उठवणं-बसवणं यासाठी महिनाभर एक बाई लावा. सकाळचे दोन तास आली तरी चालेल. बाई मिळेपर्यंत ते तुम्ही करा. मुलाने आईला उचलण्यात संकोच वाटण्यासारखं काही नाही. नळाचं पाणी भरणं, कुकर उतरवणं, कणीक मळणं, दळण आणणं हेही तुमच्याकडे. आणि बायको दुपारी आडवी झाली की तिला उठवायचं नाही, ‘बरं वाटतंय ना आता?’ असं दर तासाला विचारायचंही नाही. भुलीचा आणि ऑपरेशनचा थकवा दोन आठवडे तर राहतोच, पुष्कळांना महिनाभरही राहतो.

ताई, थकवा आहे म्हणून दिवसभर पडूनही राहू नका. पायांतलं रक्त फिरतं राहायला हवं, नाहीतर पोटरीच्या शिरेत गुठळी होऊ शकते. घरातल्या घरात दहा-दहा मिनिटं, दिवसातून पाच-सहा वेळा चाला. दोन आठवडे झाले की सकाळी कॉलनीतल्या बागेत चालायला हरकत नाही. जिने चढायलाही हरकत नाही, फक्त घाई नको. उठताना सरळ उठून बसू नका. आधी कुशीवर वळा, पाय खाली सोडा, हाताचा रेटा देऊन उठा. खोकला-शिंक आली की उशी पोटाशी धरा. स्कूटर अजून नको. अचानक ब्रेक दाबावा लागला आणि पोटात कळ आली तर हात आखडतो. शिवाय गाडी मेन स्टँडवर घेण्याचा जोर पोटावरच येतो. तो जोर तुम्ही चार आठवडे लावायचाच नाही.

खांद्याचं कारण सांगते. पोटात भरलेल्या वायूने श्वासपटल ताणलं जातं, त्याची संवेदना नेणारी मज्जातंतू मानेतून येते, म्हणून दुखणं खांद्यात जाणवतं. थोडा वायू मागे राहतो, तो दोन-चार दिवसांत रक्तात शोषला जातो आणि श्वासातून बाहेर पडतो. तुमचा तो प्रकार संपला. पण छातीवर दाब, डावा हात किंवा जबडा दुखणं, घाम, धाप असं कधीही झालं तर ‘गॅस असेल’ म्हणून ओवा चावत बसू नका, १०८ ला फोन करा.

आता खाणं. वहिनींचा प्रश्न रास्त आहे, त्याचं नीट उत्तर त्यांनाही सांगा. पित्तरस पिशवीत तयार होत नाही, यकृतात होतो, रोज अर्धा ते एक लिटर. पिशवी म्हणजे नुसती साठवणीची टाकी, जेमतेम ३० ते ५० मिलिलिटरची. नर्मदेकाठच्या जलूदच्या पंपिंग स्टेशनवरून पाणी आपल्याकडे इंदूरला येतं तेव्हा ज्यांच्या घरी टाकी आहे ते भरून ठेवतात आणि लागेल तेव्हा जोरात सोडतात, ज्यांच्याकडे नाही त्यांना बारीक धारेवर भागवावं लागतं. तुमचं आता बारीक धारेचं घर आहे. यकृतातून पित्त दिवसभर थोडं थोडं आतड्यात येत राहणार. एका वेळी थोडं तेल-तूप त्याला पुरतं, एकदम वाटीभर आलं तर पुरत नाही. बस, एवढाच फरक.

सासूबाईंचा सल्ला ऑपरेशनच्या आधीचा आहे, आणि तेव्हा तो बरोबर होता. तुपकट पदार्थ आतड्यात पोचला की शरीर एक संप्रेरक सोडतं, त्याने पित्ताची पिशवी आकुंचन पावते. आत खडे असले की ते तोंडाशी येऊन अडकतात आणि मग ती जीव घेणारी कळ येते. म्हणून तळलेलं बंद. पण आता आकुंचन पावायला पिशवीच नाही. ज्या कारणासाठी पथ्य होतं ते कारण डबीत घालून तुम्ही घरी आणलंत. इतकंच नव्हे, अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वं अंगी लागायला थोडा स्निग्धांश लागतोच. या वयात हाडांसाठी ड जीवनसत्त्व तुम्हाला हवं आहे.

तेव्हा वरणाला फोडणी घाला आजच. चमचाभर तेल चौघांच्या वरणात, त्याने काही होत नाही. भातावर अर्धा चमचा तूप या आठवड्यात, पोट सोसतंय असं दिसलं तर पुढच्या आठवड्यात चमचाभर. दोन वेळा पोटभर जेवण्याऐवजी चार-पाच वेळा थोडं थोडं खा. मुगाची खिचडी, ज्वारीची भाकरी, दुधी-दोडका, साय काढलेलं दही, ताक, केळं, उकडलेलं अंडं खात असाल तर तेही. जखम भरायला प्रथिनं लागतात आणि नुसत्या मऊ भाताने ती मिळत नाहीत. नऊ दिवस भात-वरणावर राहून तुमचा थकवा वाढला असण्याची शक्यता मला जास्त वाटते.

इंदूरात राहून पोह्यांचं विचारलं नाहीत, तरी सांगते. आपले पोहे वाफेवर ठेवलेले असतात, त्यात तेल बेताचं. जीरावन म्हणजे वरून भुरभुरायचा तिखट मसाला चिमूटभरच घालून आणि शेव वगळून छोटी प्लेट दोन आठवड्यांनंतर खुशाल खा. जिलबी, कचोरी, समोसा आणि सराफा बाजारातली रात्रीची खाण्याची फेरी महिनाभर नको. गराडूचे, म्हणजे त्या तळलेल्या कंदाचे, दिवस असले तर मन होईल, पण तो डीप फ्राय आहे, थांबा. महिन्यानंतर एका वेळी एकच तळलेला पदार्थ, थोडाच, आणि दुसऱ्या दिवशी पोटाने काय सांगितलं ते पाहा. बहुतेक बायका दोन-तीन महिन्यांत घरातल्यांसारखंच जेवायला लागतात.

सकाळच्या धावपळीचं कारणही त्या बारीक धारेतच आहे. रात्रभर आतड्यात उतरलेलं पित्त काही वेळा मोठ्या आतड्यापर्यंत पोचतं, तिथे पाणी ओढून घेतं आणि जुलाब होतात. वर सकाळी उपाशीपोटी कडक चहा, तो आतड्याला ढोसतो. असं पुष्कळांना होतं आणि बहुतेकांचं काही आठवड्यांत आपोआप बसतं. चहा आधी न घेता आधी दोन घास खा, मग चहा, तोही पातळ आणि थोडा. इसबगोल आपल्याकडे बद्धकोष्ठावर घेतात, पण तो पातळ शौचालाही बांधतो. आपल्या माळव्यातच, नीमच-मंदसौरकडे पिकतो. सकाळी एक चमचा पेलाभर पाण्यात ढवळून लगेच प्या, मात्र इतर गोळ्यांच्या एकदोन तास पुढे-मागे. महिन्यानंतरही त्रास राहिला तर सोसत बसू नका, डॉक्टरांना सांगा. पित्त बांधून ठेवणारं औषध मिळतं आणि ते लागू पडतं. उलट दुखण्याच्या गोळ्यांनी काहींना बद्धकोष्ठ होतं. तेही इसबगोलानेच सुटतं, पाणी भरपूर प्यायला हवं.

‘उरलेले खडे विरघळवणारी’ चूर्णं कुणी आणून दिली तर घेऊ नका. पिशवीच नाही, तिथे विरघळवायला काही उरलेलं नाही. टाक्यांवर हळद, तेल, पावडरही नको. आंघोळीचं पाणी वरून सोडायला हरकत नाही, टिपून कोरडं करा.

आता जे खरोखर बघायचं ते. पुढचे दोन-तीन आठवडे घरात सगळ्यांना हे पाठ असू द्या. ताप १००.४ च्या वर जाणं. रोज कमी होण्याऐवजी वाढत जाणारी पोटदुखी किंवा फुगत चाललेलं पोट. थांबत नाहीत अशा उलट्या. डोळे पिवळे दिसणं, लघवी चहासारखी गडद, संडास पांढुरकी मातकट, अंगभर खाज. टाक्याभोवती लाली पसरणं, पू येणं. एका पोटरीला सूज आणि दुखणं, किंवा अचानक धाप लागणं. यातलं एकही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना, रात्री दिसलं तर रात्रीच. पित्ताची गळती झाली असली तर ती बहुधा पहिल्या आठवडा-दहा दिवसांत असंच पोट दुखून, फुगून कळते. कावीळ दिसली तर एखादा खडा मुख्य नळीत राहून गेला असण्याची शक्यता असते, तो दुर्बिणीने तोंडावाटे काढता येतो. घाबरायचं नाही, पण ‘उद्या बघू’ही म्हणायचं नाही.

तुमच्यासारखंच ऑपरेशन झालेल्या इतर वाचकांसाठी दोन ओळी. ज्यांचं ऑपरेशन मध्येच पोट उघडून करावं लागलं, त्यांनी वजनाचा नियम सहा ते आठ आठवडे धरावा. ज्यांच्या पित्तनळीत ऑपरेशनच्या आधी किंवा नंतर स्टेंट, म्हणजे वाट मोकळी ठेवणारी बारीक नळी, घातला आहे, त्यांनी तो काढायची तारीख कॅलेंडरवर आजच लिहावी. बरं वाटतं म्हणून लोक विसरतात, आणि विसरलेला स्टेंट महिन्यांनी तुंबतो, मग थंडी-ताप आणि कावीळ.

आणि ताई, तो रिपोर्ट. डबी घरी आली, सगळ्यांनी पाहिली, पण काढलेली पिशवी लॅबमध्ये तपासायला गेली आहे आणि तिथे काय आढळलं ते अजून कुणी वाचलेलं नाही. बहुतेक सगळे रिपोर्ट साधी जुनी सूज आहे असंच सांगतात, तुमचाही तसाच असण्याची शक्यता फार मोठी आहे. पण उत्तर आणि मध्य भारतातल्या बायकांमध्ये पित्ताशयाच्या कर्करोगाचं प्रमाण देशाच्या दक्षिणेपेक्षा जास्त आहे, आणि काही वेळा तो असाच, खड्यांसाठी काढलेल्या पिशवीत अगदी सुरुवातीच्या अवस्थेत सापडतो. तेव्हा सापडला तर उपाय असतो. न वाचलेल्या कागदात राहिला तर नसतो. यजमानांना उद्या सकाळी पाठवा. रिपोर्ट आणून नुसता फाइलला लावू नका, सर्जनना दाखवा आणि त्यांच्या तोंडून ऐका. मूळ प्रत जपून ठेवा.

दिवसा आडवं पडायची लाज वाटते असं लिहिलंत, ते वाचून मला वाईट वाटलं. तीस-पस्तीस वर्षं घर चालवल्यावर चार आठवडे शरीराला द्यायला परवानगी कुणाची घ्यायची? सासूबाईंचा तुमच्यावर जीव आहे, म्हणूनच त्या तुपाची काळजी करतात. त्यांच्याजवळ बसा आणि सांगा की मला महिनाभर तुम्हाला उचलता येणार नाही, आत शिवण आहे. मला वाटतं, त्याच सगळ्यांत आधी समजून घेतील.

उज्जैनला नक्की जा. तोवर पाच आठवडे होत आले असतील, रस्ता ५५ किलोमीटरच्या आसपासचा. गाडीत सीटबेल्ट लावायचाच, तो पोटावर रुततोय असं वाटलं तर मध्ये एक मऊ टॉवेल घडी करून धरा. नाडीची घट्ट परकर-साडी बेंबीवर काचेल, नाडी जरा वर किंवा खाली बांधा. पंगतीत खाली बसायला लावलं तर खुर्ची मागून घ्या. दाल-बाफले, म्हणजे वरण आणि तुपात बुडवलेले कणकेचे गोळे, असतीलच. एक बाफला, तुपातून काढून निथळलेला, वरण भरपूर, आणि लाडू अर्धा. परतीला मामीच्या हातात आहेराच्या पिशव्या आणि मिठाईचे खोके येतात. ते कोण उचलणार हे घरूनच ठरवून निघा.